विश्लेषण : गेम उघडायला सहा मिनिटे का लागत होती? गेममधील डेटा साठवण्याचे गणित काय?

गेम अडखळला, लोडिंगची गोल चकती फिरत राहिली की दोष फोनच्या रॅमला, प्रोसेसरला किंवा नेटवर्कला दिला जातो. पण अनेकदा खरे कारण आत असते. गेम लिहिणाऱ्याने माहिती कोणत्या मांडणीत ठेवली, यावर तो दोन सेकंदांत उघडणार की दोन मिनिटांत, हे ठरते. जगातील सर्वाधिक खपाच्या गेमपैकी एकात हा प्रश्न उघडकीस आला, त्याची आणि अशाच इतर काही गेमच्या आतील मांडणीची ही माहिती.

नेमके काय घडले होते?

‘ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन’ हा गेम ऑक्टोबर २०१३ मध्ये सुरू झाला. तो उघडायला फार वेळ लागतो, ही खेळाडूंची जुनीच तक्रार. अनेकांनी नवे ग्राफिक्स कार्ड घेतले, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तरी फारसा फरक पडला नाही. अखेर २०२१ च्या सुरुवातीला टोपणनावाने लिहिणाऱ्या एका प्रोग्रॅमरने या प्रकरणाचा छडा लावला. त्याच्या संगणकावर याच गेमचा एकट्याने खेळण्याचा भाग साधारण एक मिनिट दहा सेकंदांत उघडत होता, तर ऑनलाइन भागाला सहा मिनिटे लागत होती. गेमचा मूळ कोड त्याच्याकडे नव्हता. चालू असलेला प्रोग्रॅम आपला वेळ नेमका कुठे घालवतो, हे दाखवणारे ‘प्रोफायलर’ नावाचे साधन त्याने वापरले. त्यात दोन जागा सापडल्या.

गेम सुरू होताना सुमारे १० एमबीची एक मजकुराची फाइल वाचली जात होती. खेळाडूला गेममधील पैशांनी जे जे विकत घेता येते, त्या सर्व वस्तूंची ती यादी होती. नोंदी होत्या सुमारे ६३ हजार. पहिली गडबड ही फाइल वाचण्यातच होती. फाइलमधील प्रत्येक छोटा तुकडा वाचण्याआधी ‘पुढे एकूण किती मजकूर उरला आहे’ हे पहिल्यापासून मोजले जात होते. पुस्तकातील एकेक शब्द वाचायचा आणि दर शब्दाआधी उरलेली सारी पाने शेवटपर्यंत मोजून यायचे, असा हा प्रकार.

दुसरी गडबड साठवण्यातली. वाचलेली प्रत्येक वस्तू एका साध्या यादीत टाकली जात होती. टाकण्याआधी ‘ही वस्तू यादीत आधीच आहे का’ हे तपासले जाई, आणि ते तपासायचे म्हणजे यादीतील पहिल्या नोंदीपासून एकेकीशी तुलना करायची. शंभराव्या वस्तूसाठी ९९ तुलना, दहा हजाराव्या वस्तूसाठी ९,९९९. अशा ६३ हजार वस्तूंची बेरीज केली तर आकडा जातो सुमारे १९८ कोटींवर. गंमत म्हणजे यादीत एकही वस्तू दोनदा नव्हती. प्रत्येक तपासणीचे उत्तर ‘नाही’ असेच येणार होते.

या प्रोग्रॅमरने स्वतःपुरती दोन्ही ठिकाणी दुरुस्ती केली आणि सहा मिनिटांचे लोडिंग एक मिनिट ५० सेकंदांवर आले. जवळपास ७० टक्के वेळ वाचला. रॉकस्टार कंपनीने ही चूक मान्य केली, मार्च २०२१ मध्ये अधिकृत सुधारणा आणली आणि त्याला १० हजार डॉलरचे बक्षीसही दिले. नवा प्रोसेसर लागला नाही, की वेगवान नेट.

इतकी वर्षे कुणाच्या लक्षात कसे आले नाही?

याचे उत्तर गुणाकारात आहे. हजार वस्तूंच्या यादीला या पद्धतीने साधारण पाच लाख तुलना लागतात. संगणकाला ते काहीच नाही, डोळ्याचे पाते लवायच्या आत होते. पण यादी दुप्पट झाली की काम दुप्पट होत नाही, चौपट होते. यादी ६३ पट झाली तर काम होते जवळपास चार हजार पट. दरवर्षी नव्या गाड्या, नवी घरे, नवे कपडे यांची भर पडत जाते आणि काल चाललेला कोड आज रांगायला लागतो. कोड कुणी बिघडवलेला नसतो. त्याच्यासमोरचे ताट वाढलेले असते.

म्हणूनच अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात ‘डेटा स्ट्रक्चर’ नावाचा जो विषय पाठ करून पास व्हायची रीत आहे, तो प्रत्यक्षात नोकरीला लागल्यावर अंगावर येतो. तिथे उदाहरणे दहा आकड्यांची असतात. दहा आकड्यांना सगळ्याच पद्धती सारख्याच वेगवान वाटतात.

मग योग्य पद्धत कोणती होती?

मोठ्या देवळाबाहेरचा चप्पल स्टँड आठवावा. हजारो जोड असतात, तरी परत आल्यावर आपला जोड शोधायला स्टँडवाल्याला क्षणही लागत नाही, कारण बिल्ल्यावरचा नंबर पाहून तो थेट त्या कप्प्यापाशी जातो. बिल्ला नसेल आणि चपलांचा ढीग असेल, तर एकेक जोड उलटा करून पाहावा लागेल. संगणकशास्त्रात या बिल्ल्याच्या पद्धतीला ‘हॅश टेबल’ म्हणतात. फरक इतकाच की इथे बिल्ला वेगळा द्यावा लागत नाही. वस्तूच्या नावावरच एक ठरावीक गणित करून कप्प्याचा क्रमांक काढला जातो. तेच नाव पुन्हा आले की तोच क्रमांक निघतो. ‘ही वस्तू आधीच आहे का’ याचे उत्तर एका कप्प्यात डोकावून मिळते. ६३ हजार वस्तूंना साधारण ६३ हजार डोकावण्या पुरतात, १९८ कोटी नव्हे.

वर सांगितलेल्या गेममध्ये तर प्रत्येक वस्तूचा असा क्रमांक गणित करून काढलेलाही होता. बिल्ला छापून तयार होता, पण चपला मात्र ढिगातच टाकल्या जात होत्या.

याचा अर्थ जिथे तिथे हॅश टेबल वापरावे असा नाही. कप्पे मांडायला जागा लागते, क्रमांक काढायला वेळ लागतो. खेळाडूच्या पिशवीत दहा-वीस वस्तू असतील तर साधी यादीच बरी. घरच्या हळदीकुंकवाला आलेल्या पंधरा जणींच्या चपलांना कुणी बिल्ले देत नाही.

लूडोची सोंगटी कशी लिहाल?

नवी मुंबईतील गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये आणलेला ‘लूडो किंग’ २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी पोहोचला. असे कोणतेही लूडो ॲप लिहायला बसले की पहिला प्रश्न येतो तो सोंगटी कुठे आहे, हे साठवायचे कसे. नवशिक्याच्या मनात प्रथम चित्र येते. पट चौकोनी आहे, म्हणजे आडवी आणि उभी अशी दोन मापे ठेवू. चित्र काढायला हे सोपे. पण फासा पडला पाच. आता सोंगटी कुठे जाईल? आधी उजवीकडे, मग वळण, मग वर, मग रंग पाहून घरच्या वाटेला आत. दर वळणासाठी एक अट लिहावी लागते आणि चार रंगांसाठी ती चार वेळा लिहावी लागते.

त्याऐवजी प्रत्येक सोंगटीसाठी एकच आकडा ठेवता येतो. सोंगटीने आपल्या वाटेवर किती घरे पार केली, तो आकडा. शून्य म्हणजे अजून बाहेर पडलेली नाही, १ ते ५१ म्हणजे बाहेरच्या वाटेवर, ५२ ते ५६ म्हणजे घरच्या रंगीत पट्टीत, ५७ म्हणजे पोहोचली. आता फासा पडला पाच तर पाच मिळवायचे, संपले. बेरीज ५७ च्या पुढे गेली तर चाल करता येत नाही, हा नियमही एका ओळीत बसतो.

अडचण येते ती सोंगटी मारताना. लालची ३ आणि हिरव्याची ३ ही पटावरची वेगवेगळी घरे आहेत. पण बाहेरच्या वाटेवर एकूण ५२ घरे असतात आणि चार रंगांची सुरुवात १३-१३ घरांच्या अंतरावर असते. रंगाप्रमाणे ०, १३, २६ किंवा ३९ मिळवले आणि ५२ ने भागून बाकी घेतली की पटावरचे नेमके घर मिळते. दोन बाक्या सारख्या आल्या की मारामारी. स्क्रीनवर सोंगटी कुठे काढायची, याचा तक्ता एकदाच तयार करून बाजूला ठेवायचा.

चार खेळाडूंच्या १६ सोंगट्यांना १६ आकडे, म्हणजे १६ बाइट पुरतात. ५७ पर्यंतचा आकडा सहा बिटांत मावतो, त्यामुळे आणखी ठोकून-ठाकून तो १२ बाइटांत बसवता येईल. पण चार बाइट वाचवण्यासाठी असा खटाटोप करणारा प्रोग्रॅमर कोड वाचणाऱ्या पुढच्या माणसाचे तळतळाट घेतो. इथे बचत जागेची नव्हतीच. बचत झाली ती नियम लिहिण्याच्या कटकटीची. पटाचे चित्र कसे दिसते, यापेक्षा गेम त्या पटाला पुन्हा पुन्हा कोणता प्रश्न विचारतो, हे आधी पाहिले म्हणून.

बुद्धिबळात एकच पट दोनदा का साठवतात?

विचारला जाणारा प्रश्न बदलला की मांडणी बदलते, याचे सर्वांत देखणे उदाहरण संगणकीय बुद्धिबळात सापडते. पटावर घरे ६४ आणि आजचा प्रोसेसर एका वेळी हाताळतो ते बिटही ६४. हा योगायोगच, पण प्रोग्रॅमरांनी तो पुरेपूर वापरला. पांढऱ्या प्याद्यांसाठी ६४ बिटांचा एक आकडा ठेवायचा आणि ज्या घरात प्यादे आहे तिथला बिट १ करायचा, बाकी सर्व शून्य. असेच आकडे घोडे, उंट, हत्ती, वजीर, राजा यांचे, दोन्ही रंगांचे मिळून १२. याला ‘बिटबोर्ड’ म्हणतात.

आता प्रश्न विचारा, ‘पांढरी कोणकोणती प्यादी एक घर पुढे जाऊ शकतात?’ प्याद्यांच्या आकड्यातील सर्व बिट आठ जागा सरकवायचे, म्हणजे आठही प्यादी एकदम एक रांग पुढे जातात. मग रिकाम्या घरांच्या आकड्याशी तो ताडून पाहायचा. आठ प्याद्यांचे उत्तर दोन-तीन सूचनांत हाती येते. एकेक प्यादे तपासण्याची गरजच नाही. १९७४ मध्ये संगणकांची पहिली जागतिक बुद्धिबळ स्पर्धा जिंकणारा सोव्हिएत संघाचा ‘कैसा’ हा प्रोग्रॅम हीच पद्धत वापरत होता आणि आजचा ‘स्टॉकफिश’ही हीच वापरतो.

पण हाच बिटबोर्ड एका साध्या प्रश्नाला अडतो. ‘अमुक घरात कोण उभे आहे?’ हे विचारले की सगळे आकडे एकामागून एक उघडून पाहावे लागतात. म्हणून स्टॉकफिशमध्ये बिटबोर्डांच्या जोडीला ६४ घरांची साधी यादीही ठेवलेली असते. एक मांडणी एका प्रश्नासाठी, दुसरी दुसऱ्यासाठी. याची किंमतही आहे. दर चालीला दोन्हीकडे नोंद करावी लागते. किराणा दुकानात उधारीची एक वही गिऱ्हाइकांच्या नावाने आणि दुसरी तारखेने ठेवली, तर शोधणे सोपे होते खरे, पण एका वहीत नोंद राहून गेली की भांडण ठरलेले. तेव्हा दुसरी मांडणी ठेवायची ती खरोखर लाखो वेळा लागत असेल तरच.

साठवायचेच नाही, असे चालते?

चालते, आणि कधी कधी तोच सर्वांत स्वस्त मार्ग असतो. १९८४ मध्ये डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल या दोन ब्रिटिश तरुणांनी ‘एलिट’ नावाचा अंतराळ व्यापाराचा गेम लिहिला. तो ज्या बीबीसी मायक्रो संगणकावर चालायचा त्याची एकूण मेमरी होती ३२ केबी. आज कुटुंबाच्या ग्रुपवर सकाळी येणारा सुप्रभातचा फोटो याहून मोठा असतो. त्या ३२ केबीत आठ आकाशगंगा होत्या, प्रत्येकीत २५६ ग्रह, म्हणजे एकूण २,०४८. प्रत्येक ग्रहाला नाव, सरकार, अर्थव्यवस्था, लोकसंख्या. दर ग्रहाला फक्त १६ बाइट दिले असते, तरी तेवढ्यातच ३२ केबी संपले असते आणि गेमला जागाच उरली नसती.

त्यांनी ग्रह साठवलेच नाहीत. सुरुवातीचे तीन छोटे आकडे ठेवले, एकूण सहा बाइट. त्या तिघांची ठरावीक पद्धतीने बेरीज करत गेले की पुढचे आकडे मिळतात आणि त्या आकड्यांतून ग्रहाचे नाव-गाव निघते. तेच तीन आकडे, तीच बेरीज, म्हणून दर वेळी तेच ग्रह. बीज सारखे असले की झाड सारखेच उगवते. अशा सुरुवातीच्या आकड्याला प्रोग्रॅमर ‘सीड’ म्हणतात.

त्याच्या दोन वर्षे आधी, १९८२ मध्ये, डेव्हिड क्रेन यांनी ‘पिटफॉल’ या गेममध्ये जंगलाचे २५५ देखावे केवळ एका बाइटातून उभे केले होते. अटारी २६०० या यंत्राची कामाची मेमरी होती जेमतेम १२८ बाइट. केबी नव्हे, बाइट. या एका बाइटाचे आठ बिट वाटून दिलेले होते. काही बिटांवरून झाडांची ठेवण, काहींवरून खड्डा की दलदल, काहींवरून लाकडाचा ओंडका की खजिना हे ठरायचे. खेळाडू उजवीकडे गेला की एका सूत्राने पुढचा बाइट निघे, डावीकडे गेला की तेच सूत्र उलटे चालवून मागचा.

या मार्गाची मर्यादाही त्यातच आहे. सूत्रातून उगवलेल्या जगातील एखादाच ग्रह आवडला नाही म्हणून बदलता येत नाही. सूत्र बदलले की सगळेच बदलते. आणि खेळाडूने त्या जगात काही मोडले, बांधले, लपवले, तर ते सूत्राला कळत नाही. ते साठवावेच लागते.

माइनक्राफ्टचे जग फोनमध्ये मावते कसे?

३० कोटींहून अधिक प्रती खपलेल्या ‘माइनक्राफ्ट’मध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. जग उगवते सीडपासूनच, पण खेळाडू ते खणतो आणि त्यात घरे बांधतो. त्यामुळे खेळाडू जिथे जिथे गेला तो भाग ठोकळ्यागणिक साठवावा लागतो. संगणकावरील आवृत्तीत जग १६ बाय १६ ठोकळ्यांच्या खांबांत विभागलेले असते आणि आजच्या आवृत्तीत खांबाची उंची ३८४ ठोकळे असते. म्हणजे एका खांबात ९८,३०४ ठोकळे. खेळाडूभोवती चहूबाजूंनी दहा-दहा खांब उघडे ठेवायचे तर असे ४४१ खांब. प्रत्येक ठोकळ्यापुढे त्याचे १५ अक्षरी नाव लिहिले, तर सुमारे ६५० एमबी नुसत्या नावांतच जातील.

भरतकामाचा तक्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना यावरचा उपाय लगेच उमजेल. तक्त्यातील चौकटीत कुणी ‘गडद हिरवा’ असे लिहीत नाही. कोपऱ्यात सूची असते, १ म्हणजे लाल, २ म्हणजे हिरवा, आणि चौकटीत फक्त आकडा. माइनक्राफ्ट प्रत्येक खांबाचे १६ ठोकळे उंचीचे तुकडे पाडतो आणि दर तुकड्याला स्वतःची छोटी सूची देतो. जमिनीखालच्या तुकड्यात दगड, माती, कोळसा, थोडे लोखंड असे मोजकेच प्रकार असतात. १६ प्रकारांपर्यंत एका ठोकळ्याला चार बिट, म्हणजे अर्धा बाइट पुरतो. या हिशेबाने ६५० एमबीचे काम सुमारे २२ एमबीत होते. आणि एखाद्या तुकड्यात नुसती हवाच असेल, तर सूचीत ‘हवा’ एवढी एकच नोंद करून ठोकळ्यांची यादी अजिबात ठेवली जात नाही. आकाश फुकटात मिळते.

यातील एक बारकावा लक्षणीय आहे. पूर्वी हे बिट एकमेकांना इतके चिकटवून ठेवत की एका ठोकळ्याचा आकडा ६४ बिटांच्या दोन डब्यांत अर्धा-अर्धा पडे. तो वाचायला दोन्ही डबे उघडावे लागत. १.१६ या आवृत्तीपासून ही पद्धत बदलली. पाच बिटांचे आकडे असतील तर एका डब्यात १२ आकडे ठेवायचे आणि उरलेले चार बिट वाया जाऊ द्यायचे. जागा थोडी जास्त लागते, पण वाचणे सोपे होते. काटकसर कुठे थांबवावी, हेही ठरवावे लागते.

आकड्याचे भांडे लहान पडले तर?

गल्लीतल्या रिक्षाचे जुने मीटर ९९९ नंतर शून्यावर जाई, तसेच संगणकातील आकड्याचेही होते. एका बाइटात ० ते २५५ एवढेच मावतात. १९८० च्या ‘पॅकमॅन’मध्ये २५६ व्या पातळीला पोहोचले की निम्मा पडदा अक्षरांच्या कचऱ्याने भरतो, तो याच कारणाने. पातळी मोजणारा बाइट उलटतो आणि पडद्याखाली फळांची चित्रे काढणारा कोड भरकटतो.

‘सिव्हिलायझेशन’ या गेममधील गांधीजींची गोष्ट भारतात विशेष चवीने सांगितली जाते. शांतताप्रिय गांधीजींची आक्रमकता १ होती, त्यातून २ वजा झाले आणि ती २५५ वर गेली, म्हणून ते अणुबॉम्बची धमकी देऊ लागले, अशी ती गोष्ट. गणित अगदी बरोबर आहे, पण गोष्ट खरी नाही. गेमचे निर्माते सिड मायर यांनी २०२० मधील आत्मचरित्रात ती स्पष्टपणे नाकारली. पुढे २०१० च्या ‘सिव्हिलायझेशन ५’ मध्ये गांधीजींची अण्वस्त्रांची आवड मुद्दाम वाढवण्यात आली, ती गंमत म्हणून.

खरा फटका बसला तो ‘डायब्लो ३’ला. त्यात खेळाडू गेममधील सोने खऱ्या पैशांना विकू शकत होते. मे २०१३ मधील एका बदलानंतर एका वेळी विकायच्या सोन्याची मर्यादा वाढली आणि व्यवहाराचा आकडा ३२ बिटांच्या भांड्याबाहेर, म्हणजे सुमारे २१४ कोटी ७४ लाखांच्या पुढे जाऊ लागला. काही खेळाडूंच्या लक्षात आले की सोने विक्रीला ठेवून व्यवहार रद्द केला की ठेवले त्याहून जास्त परत मिळते. ब्लिझार्ड कंपनीला लिलावाचा बाजारच काही काळ बंद करावा लागला. तिथे चार बाइटांऐवजी आठ बाइटांचे भांडे घेतले असते, तर जागा नगण्य वाढली असती. म्हणून पैसा, नाणी, गुण यांच्या बाबतीत कंजुषी करू नये. आणि पैसे दशांश अपूर्णांकातही ठेवू नयेत. संगणकाला ०.१ हा आकडा नेमका लिहिता येत नाही, पैशा-पैशाची चूक साचत जाते. रक्कम पूर्ण पैशांत ठेवावी, रुपये फक्त पडद्यावर दाखवावेत.

शेजारी कोण बसते, याला महत्त्व का?

गेम सेकंदाला ६० चित्रे दाखवतो, म्हणजे एका चित्रासाठी हाताशी साधारण १६ मिलिसेकंद. प्रोसेसर मेमरीतून माहिती आणतो ती एकेक बाइट नाही, बहुधा ६४ बाइटांचा गठ्ठा उचलून आणतो. गठ्ठ्यातील उरलेली माहिती पुढच्याच क्षणी उपयोगी पडली तर काम पळते, नाही तर दर वेळी दूरच्या रॅमपर्यंत खेप.

हजार शत्रू आहेत, प्रत्येकाचे नाव, चित्र, शक्ती, शस्त्रे आणि जागा असे सर्व एकत्र बांधून ठेवले आहे आणि दर चित्राला फक्त जागा बदलायची आहे. हे म्हणजे वर्गाच्या गणिताच्या गुणांची बेरीज करण्यासाठी प्रत्येक मुलाची शाळा सोडल्याच्या दाखल्यापासूनची फाइल कपाटातून काढण्यासारखे. त्यापेक्षा सगळ्यांच्या जागा एका ओळीत, सगळ्यांच्या शक्ती दुसऱ्या ओळीत ठेवल्या की गठ्ठ्यातील प्रत्येक बाइट कामी येतो. इन्सोम्नियाक गेम्सचे तेव्हाचे इंजिन संचालक माइक ॲक्टन यांनी २०१४ च्या सीपीपीकॉन परिषदेत हाच मुद्दा आग्रहाने मांडला होता. दहा शत्रूंच्या गेमला मात्र याने काडीचा फरक पडत नाही.

आणि सेव्ह केलेला खेळ?

इथे वेगाहून विश्वास मोठा. १९८७ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘मेट्रॉइड’च्या कार्ट्रिजमध्ये खेळ साठवण्याची सोय नव्हती. गेम २४ अक्षरांचा संकेतशब्द दाखवायचा आणि मुले तो वहीत उतरवून घ्यायची. एका अक्षरात सहा बिट, म्हणजे एकूण १८ बाइट. त्यातील १६ बाइटांत खेळाची स्थिती होती आणि एक बाइट केवळ पडताळणीसाठी राखलेला होता. उतरवताना एखादे अक्षर चुकले की बेरीज जुळत नसे आणि गेम संकेतशब्द नाकारत असे. आपल्या आधार क्रमांकाचा शेवटचा अंक याच कामासाठी असतो.

आज जागेची ती टंचाई नाही. छोट्या गेमला सेव्ह फाइल साध्या मजकुरात ठेवणे सोयीचे, कारण काही बिघडले तर ती उघडून वाचता येते. ती मोठी होऊ लागली, दर काही सेकंदांनी लिहावी लागू लागली, की आकड्यांच्या स्वरूपातील बायनरी फाइल परवडते. दोन्हींत सुरुवातीलाच आवृत्तीचा क्रमांक हवा. तो नसेल तर सहा महिन्यांनी गेममध्ये नवी गोष्ट घातली की जुन्या फाइलींचे काय करायचे, हे कोडला कळत नाही आणि खेळाडूची सहा महिन्यांची मेहनत जाते.

फोनवर आणखी एक धोका असतो. फाइल लिहीत असतानाच बॅटरी संपते, किंवा फोन आल्यावर अँड्रॉइड मागे गेलेले ॲप बंद करून टाकतो. जुन्याच फाइलवर लिहिणे सुरू असेल तर अर्धी नवी, अर्धी जुनी अशी फाइल उरते आणि ती उघडतच नाही. त्यामुळे नवी स्थिती आधी वेगळ्या तात्पुरत्या फाइलमध्ये पूर्ण लिहायची, ती डिस्कवर उतरल्याची खात्री करायची आणि मगच तिला जुन्या फाइलचे नाव द्यायचे. नाव बदलणे एका झटक्यात होते. मध्येच बॅटरी गेली, तर जास्तीत जास्त शेवटची पाच मिनिटे पुन्हा खेळावी लागतात.